रोबोटिक्सचा संच की हत्यारांची पेटी? गावच्या शाळेसाठी काय घ्यावं

शिमग्याला चाकरमानी गावी आले, पालखी सहाणेवर बसली आणि दुसऱ्या दिवशी देवळात बैठक झाली. मुंबई मंडळाने शाळेसाठी एक लाख रुपये जमवले होते. पोरांना लहानपणापासून इंजिनिअरिंगची गोडी लागावी, यावर सगळ्यांचं एकमत होतं. वाद झाला तो खरेदीवर. तरुण मंडळींना रोबोटिक्सचे तयार संच हवे होते. वयस्करांना वाटत होतं की एवढ्या पैशात सुतारकामाची हत्यारं आणून एक खोली लावावी. मी आयटीआयमध्ये निदेशक होतो आणि गेली सहा वर्षं आसपासच्या प्राथमिक शाळांत मुलांबरोबर वस्तू बनवतो, म्हणून मला विचारलं. तिथे घाईत जे बोललो ते इथे नीट मांडतो. हाच प्रश्न राजापूर, गुहागर, देवगडकडच्या ओळखीच्या लोकांकडूनही वरचेवर येतो.

आधी एक गोष्ट. पहिली ते आठवीच्या मुलाला इंजिनिअरिंग शिकवायचं म्हणजे यंत्रांची नावं शिकवायची नाहीत. अमेरिकेत बोस्टनच्या विज्ञान संग्रहालयाने 2003 पासून प्राथमिक शाळांसाठी अभ्यासक्रम तयार केला. त्यात मुलांसाठी पाच पायऱ्या आहेत: विचारा, कल्पना करा, आखा, बनवा, सुधारा. मला यातली शेवटची पायरी सर्वात मोलाची वाटते. पहिल्यांदा बनवलेली वस्तू बिघडणार, आणि ती का बिघडली हे शोधून दुसऱ्यांदा बनवायची. जी खरेदी मुलाला दुसऱ्यांदा बनवू देत नाही, ती कितीही महाग असली तरी या कामाची नाही.

आपल्याकडे कोकणात याला आणखी दोन कसोट्या जोडाव्या लागतात. आणलेली वस्तू जून ते सप्टेंबरच्या पावसात टिकेल का? आणि ती वापरायला शिकलेल्या गुरुजींची बदली झाली तर पुढच्या वर्षी ती कोण उघडेल?

तयार संचांपासून सुरुवात करतो, कारण ओढा तिकडेच असतो. पाच हजारांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंतचे संच बाजारात आहेत. त्यांची चांगली बाजू खरीच चांगली आहे. भाग एकमेकांत नेमके बसतात, गिअर अडकत नाहीत, तासाभरात गाडी चालते आणि मुलांचे चेहरे फुलतात. हाताने काही बनवायला घाबरणारं मूलही धीट होतं. पण पुस्तिकेतले आठ-दहा नमुने बनवून झाले की बहुतेक शाळांत काम थांबतं, कारण पुढे काय बनवायचं हे संच सांगत नाही. एखादा भाग हरवला तर तो चिपळूणच्या किंवा कणकवलीच्या दुकानात मिळत नाही. शिवाय कंपनीचं धोरण बदललं की आपण अडकतो. लेगोची माइंडस्टॉर्म्स ही जगभर गाजलेली मालिका 1998 मध्ये आली, तीसुद्धा 2022 च्या अखेरीस बंद झाली.

एका शाळेत मी हे डोळ्यांनी पाहिलं, शाळेचं नाव घेत नाही. देणगीतून आलेले चार संच लोखंडी कपाटात होते. ऑगस्टमध्ये मुख्याध्यापकांनी कपाट उघडायला लावलं. खोक्यातल्या फोमवर हिरवी बुरशी होती. सेल काढून न ठेवल्यामुळे फुटून त्यांचं पाणी खाचेतल्या पत्र्याला लागलं होतं आणि मोटरचे दांडे गंजून घट्ट झाले होते. ज्या बाईंनी प्रशिक्षण घेतलं होतं त्यांची मे महिन्यातच बदली झाली होती. सातवीची एक मुलगी त्यातलं चाक हातात घेऊन मला म्हणाली, "काका, आम्ही हे एकदाच लावलं होतं, पंधरा ऑगस्टला पाहुणे आले तेव्हा." त्यात कोणाची लबाडी नव्हती. वस्तू आणली, पण ती वापरात राहण्याची सोय कोणी केली नव्हती.

दुसरा पर्याय छोट्या इलेक्ट्रॉनिक पाट्यांचा. अर्डुइनो आणि मायक्रोबिट ही त्यातली दोन नावं तुमच्या कानावर आली असतील. सातवीपर्यंतच्या मुलांसाठी मी मायक्रोबिट निवडेन. बीबीसीने 2016 मध्ये ब्रिटनमधल्या अकरा-बारा वर्षांच्या जवळपास दहा लाख मुलांना तो फुकट वाटला होता. काडेपेटीएवढी पाटी, त्यावर 25 छोटे दिवे, दोन बटणं, तापमान आणि हालचाल ओळखण्याची सोय, आणि दोन बारीक सेलवर चालणार. किंमत दीड-दोन हजारांच्या आसपास. पडद्यावर रंगीत ठोकळे जोडून त्याला काम सांगता येतं, त्यामुळे इंग्रजीत आज्ञा टाइप करण्याची कसरत नाही. अर्डुइनो स्वस्त पडतो, त्याची नक्कल काही शेकड्यांत मिळते, पण त्यासाठी तारा जोडण्याचा हात आणि टाइप करण्याचा सराव लागतो. तो आठवीनंतर बरा.

मायक्रोबिटवर आमच्या मुलांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम म्हणजे माडाच्या रोपांसाठी केलेला ओलावामापक. मातीत दोन खिळे रोवायचे, त्यांना तारा जोडायच्या, माती सुकली की पाटीवर रडका चेहरा. तीन आठवड्यांनी आकडे वेडेवाकडे यायला लागले. मुलांनी खिळे उपटले तर एक खिळा दुसऱ्याच्या मानाने कितीतरी जास्त खाल्लेला. वीज सतत वाहत होती म्हणून असं झालं, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि मग तासातून एकदाच मोजायचं असं त्यांनी ठरवलं. मातीची, विजेची आणि आज्ञावलीची गोष्ट एकाच खिळ्यात आली. मात्र यासाठी निदान एक चालू लॅपटॉप आणि तो हाताळणारा माणूस हवा. वीज दोन दिवस गेली तर काम थांबतं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, हे विसरून चालणार नाही.

तिसरा पर्याय हत्यारांच्या पेटीचा, आणि माझा कल उघडपणे याच्याकडे आहे. करवत, हातोडी, पक्कड, पेचकस, कानस, गिरमिट, गुण्या, ओळंबा, मोजपट्टी आणि गवंडी वापरतात ती पाणी भरायची लेव्हलची नळी. पाच गटांना पुरतील एवढी हत्यारं माझ्या हिशेबाने वीस हजारांच्या आत येतात. माल गावातच आहे: चिव्याच्या (बारीक जातीच्या बांबूच्या) काठ्या, माडाचे हीर, पोफळीच्या विऱ्या, सुंभ, करवंट्या, चिऱ्याचे तुकडे. आयआयटी कानपूरहून बाहेर पडलेल्या अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवण्याचं काम आयुष्यभर केलं, 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची नळी यांतून त्यांनी भूमिती शिकवली. त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतही भरपूर साहित्य फुकट आहे.

यातही एक खड्डा आहे. खेळणं बघून हुबेहूब तसंच बनवलं तर ती हस्तकला झाली. तीही चांगलीच, पण इंजिनिअरिंगसाठी मुलांसमोर अडचण ठेवावी लागते, आणि सोबत अटी.

गेल्या एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर सातवीच्या सहा मुलांना मी आंबे उतरवायचा झेला बनवायला सांगितला. अटी तीन: आंबा देठासकट उतरला पाहिजे आणि देठ निदान बोटभर हवा, आंबा आपटता कामा नये, आणि काठी गटातल्या सर्वांत लहान मुलाला पेलली पाहिजे. आंब्याचा चीक सालीवर सांडला की डाग पडतो आणि भाव पडतो, हे त्यांना घरूनच ठाऊक होतं.

पहिला झेला तारेची कडी आणि सुंभाची जाळी. शाळेमागच्या रायवळ आंब्याला लावून ओढला, देठ मुळातून तुटला आणि चीक सगळा आंब्यावर. दुसऱ्या दिवशी त्यांनी हॅकसॉचं तुटलेलं पातं मागितलं. त्याला धार मी लावून दिली, बसवलं त्यांनी. आता देठ कापण्याऐवजी पात्यावरून घसरायचा. सगळे खाली बसून वाद घालत होते तेव्हा एक मुलगी बोलली, "देठ एका जागी थांबला पाहिजे, मग ओढायचं." तिने दोन पाती एकमेकांना तिरकी बांधली, मध्ये निमुळती खाच ठेवली. देठ खाचेत जाऊन अडकला आणि हलक्या झटक्यात कापला गेला. पण टोक जड झालं, काठी डोलायला लागली, आणि सर्वांत लहान मुलगा ती धरूच शकेना. मग बांबू बदलून चिवा आला. तिसऱ्या झेल्याने दहापैकी सात आंबे देठासकट खाली आले.

त्यानंतर मी शेजारच्या बागेतून दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला आणून त्यांच्यासमोर ठेवला. हा झेला त्यांनी जन्मापासून पाहिलेला. त्या दिवशी मात्र दहा मिनिटं कोणी बोललं नाही, सगळे तो फिरवून, वाकवून पात्याची जागा बघत होते. हा खर्च किती झाला म्हणाल तर तीनशे रुपयांच्या आत.

हत्यारांची पेटी बदलीच्या कसोटीवरही टिकते, कारण ती चालवणारा माणूस गावातच राहतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांबरोबर काम करण्याची तरतूद आहे. त्याचा आधार घेऊन सुतारकाकांना, गवंड्यांना रीतसर शाळेत बोलवा आणि त्यांना दिवसाची मजुरी द्या. फुकट बोलावलं तर ते दोनदा येतील, तिसऱ्यांदा येणार नाहीत. त्यांचं पोट हातावर आहे.

शाळा आठवीपर्यंत असेल तर पाबळची पद्धत बघण्यासारखी आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम निघाला: आठवड्यातून एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, घर व आरोग्य यांची प्रत्यक्ष कामं, आणि शिकवायला गावातली हुन्नरी माणसं. आपल्याकडे या पद्धतीने करण्याजोगं पहिलं काम म्हणजे वनराई बंधारा. पावसाळा संपला की पाणी अडवायला वहाळात (ओढ्यात) सिमेंटच्या रिकाम्या गोणी माती-वाळू भरून रचायच्या. गोणी विटांसारख्या सांधेमोड करून का लावतात, हे मुलं स्वतः पाणी झिरपताना बघून शिकतात.

अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे शाळेतल्या वस्तू बनवण्याच्या प्रयोगशाळेबद्दल थोडक्यात. नीती आयोगाची ही योजना 2016 पासून आहे, सहावी ते बारावीसाठी, अनुदान 20 लाखांपर्यंत. 2025 च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत 50,000 लॅबची घोषणा झाली आहे. चाळीसच्या पटाच्या वाडीतल्या शाळेने त्यामागे लागू नये, जागेचीच अट पेलणार नाही. जवळच्या माध्यमिक विद्यालयात असेल तर महिन्यातून एक शनिवार मागून घ्या. शहरातले खासगी रोबोटिक्स क्लास एकट्यादुकट्या मुलासाठी ठीक आहेत. गावाच्या पैशातून त्यांची फी भरू नये, चार मुलं जातील आणि बाकीची बघत राहतील.

आता आमच्या एक लाखाचं काय ठरलं ते सांगतो. पहिली ते चौथीसाठी संच नाही, कात्री, पुठ्ठा, माती, हीर एवढंच. याच मुलांनी हिराचे साकव बनवून चिऱ्याच्या तुकड्यांनी मोडले, की मोठ्या मुलांबरोबर त्यांनाही रत्नागिरीजवळचा कोकण रेल्वेचा पानवल पूल दाखवायचा. त्याचा 64 मीटर उंचीचा खांब खालून बघताना त्यांना विचारायला प्रश्न असतील. पाचवीपासून वर हत्यारांची पेटी, 20,000. सुतार आणि गवंड्याची मजुरी तीन वर्षांची मिळून 30,000, ती बँकेत वेगळी. सहा मायक्रोबिट, तारा आणि सेल 15,000. शाळेतला जुना लॅपटॉप दुरुस्त करायला 8,000. सहलीला आणि किरकोळ मालाला 12,000. उरलेले 15,000 मोडतोडीसाठी. मोडतोड झाली नाही तर मुलांनी काम केलं नाही असं मी समजेन. तयार संच यात एकही नाही, आणि तरुण मंडळींनी थोडी नाराजी दाखवून का होईना, ते मान्य केलं.

खरेदी जूनमध्ये करू नका. गणपती, नवरात्र होऊन गेले की करा, म्हणजे हत्यारं कोरड्या हवेत हाताळली जातील आणि लगेच बंधाऱ्याचं काम समोर असेल. मेअखेर प्रत्येक पात्याला तेलाचा बोळा फिरवायचा, सेल काढून घ्यायचे, आणि मायक्रोबिट घट्ट झाकणाच्या डब्यात भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंडीसोबत ठेवायचे. ही कामाची यादी सातवीच्या मुलांनी खडूने कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवली आहे.