आशाताईंच्या घरभेटी: आमच्या घरातला अनुभव

मी बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला, राहायला खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात. थोरलीच्या वेळी बायको माहेरी होती, त्यामुळं आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, बाळ-बाळंतिणीला बघायला घरी येतात त्या भेटी मला ऐकूनच माहीत. धाकट्याच्या वेळी ती इथंच राहिली आणि माझी सेकंड शिफ्ट असल्यानं सकाळी घरी होतो.

दवाखान्यात बाळंतपण झालं की सहा भेटी: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. पैसे द्यावे लागत नाहीत.

पहिल्या भेटीला माझ्या आईनं चहाही विचारला नाही. "चार बाळंतपणं काढलीत मी, ही पोरगी मला काय शिकवणार?" ताई वादात पडल्या नाहीत. बाळाला झोळीत घालून काट्याला लावलं, आईला म्हणाल्या, "आज्जी, खाली हात धरा." दोन किलो सहाशे. मग श्वास मोजायचे होते. "मी घड्याळ बघते, मोजा तुम्ही." आईनं जपाची माळ घेतली आणि बाळाचं पोट वर आलं की एक मणी ओढला. मिनिटाला चव्वेचाळीस मणी! साठ किंवा जास्त झाले, नाहीतर छाती आत ओढली जायला लागली, तर लगेच दवाखाना. हे आता आमच्या आख्ख्या गल्लीला पाठ आहे.

बाळाला मध चाटवायचा की नाही, हे भांडण मात्र तिसऱ्या भेटीपर्यंत चाललं. सहा महिने नुसतं अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही, हे आईला पटेना. "उन्हाळ्यात पोराला तहान लागत नाही होय?" ताई म्हणाल्या, "दुधात पाणी असतंयच की. तुम्ही आधी सुनेला पोटभर पाणी द्या." बाळंतिणीला पाणी मोजून द्यायचं हा आमच्या घरचा जुना नियम, तो त्या दिवशी मोडला. बायकोच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा फायदा हाच. मधाची बाटली मी भाकरीबरोबर संपवली.

तक्रारी आहेत. चौदाव्या दिवसाची भेट सतराव्या दिवशी झाली, निरोप नाही. आमचं 'तायी कार्ड' (आई-बाळाच्या नोंदींचं सरकारी कार्ड; कन्नडमध्ये तायी म्हणजे आई) कन्नडमध्ये. शाळेत शिकलेल्या कन्नडवर मी अडखळत आईला वाचून दाखवलं. आणि समोर बसलेल्या बापाला सहा भेटींत एक प्रश्न नाही! थर्मामीटर मलाही धरता आला असता.

पुढच्या भेटी ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांना. परवा तिसऱ्या महिन्याची आहे. आई सकाळपासून विचारतेय, ताईंना उप्पीट करू की पोहे?