अक्कलकोट रोडला फ्लॅट घ्यावा की जुळे सोलापुरात?

गेल्या महिन्यात मावसभावाचा फोन आला. त्याची बायको अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचे हिशोब बघते, तो स्वतः सात रस्त्याजवळच्या ऑफिसात. "दादा, जुळे सोलापुरात ज्या पैशात एक बेडरूम मिळतोय, त्यात इकडं दोन मिळतात. घेऊ का?" मी अक्कलकोट रोडच्याच भागातल्या एका नव्या इमारतीत सहा वर्षं राहतोय आणि माझा सख्खा भाऊ शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुळे सोलापुरात. दोन्ही घरांत मी भरपूर राहिलोय, म्हणून फोनवर सांगितलेलंच इथं सविस्तर लिहितो.

आधी आवाज, कारण बाकी सगळ्याची सवय होते. आम्हाला फ्लॅट दाखवला तो दिवाळीच्या पाडव्याला. गॅलरीत उभं राहिलो तर इतकी शांतता की आईनं तिथंच हो म्हणून टाकलं. सणामुळं आसपासचे यंत्रमाग बंद होते, हे आमच्या लक्षातच आलं नाही. राहायला आलो आणि पहिल्याच रात्री समजलं की मागच्या भिंतीपलीकडं यंत्रमागाचं शेड आहे. मागात आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची खटखट कानानं ऐकू येतेच, पण ती फरशीतूनही येते. पलंगाला हात लावला तर बारीक थरथर जाणवायची. तांब्यात पाणी भरून ठेवलं तर वर वर्तुळं उठायची. शेजारच्या अक्का म्हणाल्या, "सवय होतंय ओ, महिन्याभरात झोप लागतंय बघा." मला लागली. आईला नाही लागली. शेवटी तिची खोली रस्त्याच्या बाजूला केली.

कायद्यानं निवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबल आणि औद्योगिक भागात ७० डेसिबल अशी मर्यादा आहे. म्हणजे तुमची इमारत कुठल्या विभागात मोडते, यावर तुमची तक्रार टिकणार की नाही हे ठरतं. जमीन औद्योगिक विभागातली असेल आणि निवासी वापराची परवानगी घेऊन इमारत उभी असेल, तर ती परवानगी डोळ्यांनी बघा. महापालिकेतून झोन दाखला काढायला फार त्रास पडत नाही.

जुळे सोलापुरात रात्र शांत जाते. भावाकडं मुक्कामाला गेलो की पहाटे कोकीळ ऐकू येते, आणि याचं मोल मी कमी धरणार नाही.

दुसरी गोष्ट हवा. आमच्या खिडक्यांना डासांची जाळी आहे. महिनाभर पुसली नाही तर तिच्यावर करडा पापुद्रा धरतो, बोटानं ओढला की कापडासारखा अख्खा निघतो. टॉवेलच्या सुताचे तंतू आणि धूळ. घरात दम्याचा माणूस असेल तर इथंच विचार थांबवा, पुढचं वाचूही नका. सूत रंगवणाऱ्या रंगखान्याच्या बॉयलरची चिमणी जवळ असेल तर ती कुठल्या दिशेला आहे ते पाहा. पावसाळ्यात आपल्याकडं वारा पश्चिमेकडून वाहतो, हिवाळ्यात बहुधा पूर्वेकडून, आणि थंडीत सकाळचा धूर वर न चढता खालीच तरंगत राहतो. चिमणी पूर्वेला असलेल्या घरात डिसेंबरभर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काजळीचे ठिपके पडतात. आमच्या गच्चीवर कुरडया उन्हाळ्यात होतात, पण पातळ धोतराखाली झाकून.

आगीबद्दल लिहिताना हात थबकतो. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि ८ जण गेले. ती माणसं कारखान्याच्या आवारातच राहत होती. सूत, तयार टॉवेल, गाठोडी एकदा पेटली की विझवायला तास न् तास लागतात. नव्या इमारतीत राहणं म्हणजे कारखान्यात राहणं नव्हे, पण गोदामाला भिंत लागून असलेली इमारत मी कुणालाही घेऊ देणार नाही. अग्निशामक गाडी आत वळेल एवढा रस्ता आहे का, दुसरा जिना आहे का, जिन्यात सायकली आणि खोकी रचलेली आहेत का, एवढं स्वतः फिरून बघा. जिन्यातल्या आग विझवायच्या नळाला पाणी येतं का, तेही उघडून बघा. आमच्या इमारतीत पहिली दोन वर्षं तो कोरडा होता. बिल्डरच्या मागं लागून लागून शेवटी सोसायटीनंच पंप बसवला.

पैशाचा हिशोब सरळ आहे. साडेआठ टक्के व्याजानं २० वर्षांसाठी घेतलेल्या प्रत्येक लाखाला महिना साधारण ८७० रुपये हप्ता बसतो. दोन घरांत आठ लाखांचा फरक असेल तर महिना सात हजार वाचतात. त्यात जाण्यायेण्याचं धरा. मावसभावाच्या बायकोला रोज जुळे सोलापुरातून अख्खं गाव ओलांडून यावं लागलं असतं, तेही जड वाहनांच्या गर्दीतून. इकडं घर घेतलं तर ती दुपारी जेवायला घरी येऊ शकते. कामाला चिंचोळी एमआयडीसीत जाणाऱ्यांना हा फायदा नाही, कारण ती पुणे रस्त्यावर, मोहोळच्या बाजूला आहे. नुसतं एमआयडीसी ऐकून गफलत करू नका. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला जीएसटी लागतो, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्याला लागत नाही, हेही भाव करताना ध्यानात ठेवा.

पाण्यात दोन्हीकडं फार फरक नाही. उजनी धरणाचं पाणी रोज येत नाही, दिवसाआड तर सोडाच, आणखी दिवस जातात. त्यामुळं टाकी केवढी आहे ते विचारा. फरक बोअरमध्ये आहे. रंगखान्यांच्या परिसरातलं बोअरचं पाणी तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावेत, दुसरी सोयच नसेल तर २,००० पर्यंत चालतात. आमच्या बादलीला पांढरा थर आठवड्यात धरतो. जुळे सोलापुरातल्या नव्या बांधकामांचा प्रश्न निराळा, तिथं काळ्या मातीचा. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, म्हणून पाया मुरमापर्यंत नेलाय का ते विचारा. माझ्या सख्ख्या भावाच्या घराच्या कोपऱ्यात तिरकी भेग आहेच. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत निघालेला बांधकामातला दोष बिल्डरनं स्वखर्चानं दुरुस्त करून द्यायचा असतो, घरबांधणीच्या रेरा कायद्यात तसं आहे. तक्रार लेखी द्या, फोनवर नको. प्रकल्प महारेराच्या संकेतस्थळावर नोंदलेला आहे का, हे टोकन देण्याआधी बघा. एमआयडीसीच्या स्वतःच्या भूखंडावरची इमारत असेल तर जमीन भाडेपट्ट्याची असते, आणि विकताना महामंडळाची परवानगी लागते. हे मात्र विक्रेते शेवटपर्यंत बोलत नाहीत.

आता शेजाराचं. सोलापुरात कामगार कारखान्याला लागूनच राहत आला. १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली तेव्हापासून चाळी मिलच्या सावलीत वाढल्या. पूर्व भागात आजही घराघरांत तेलुगू बोलतात, उंबऱ्याशी बायका विड्या वळतात. माझ्या मुलीला ताप आला तेव्हा रात्री एक वाजता रिक्षा मिळाली, कारण शिफ्ट सुटायची वेळ होती आणि गल्ली जागी होती. जुळे सोलापुरात नऊला फाटकं लागतात.

माझं मत मावसभावाला दिलं ते असं. तुम्ही दोघं धडधाकट, कामाची जागा इथली, तर इकडं घ्या, पण शेडला लागलेली पहिली रांग सोडून. मावशीला पुढच्या वर्षी कायमचं आणणार असाल तर जुळे सोलापुरात एक बेडरूम घ्या, छोटं घर परवडलं. आणि कुठलंही घेण्याआधी सणाच्या दिवशी नाही, कामाच्या दिवशी रात्री अकराला जा. गॅलरीत दहा मिनिटं उभे राहा, मग आतल्या खोलीत दार लावून फरशीवर मांडी घाला आणि जमिनीवर तळहात ठेवा. येत्या गुरुवारी तो जाणार आहे. मीही त्याच्यासोबत जातोय.