सेशन कुकी की जेडब्ल्यूटी?
लॉगिनसाठी सेशन (लॉगिनची नोंद सर्व्हरवर, ब्राउझरच्या कुकीत फक्त तिचा आयडी) ठेवू की जेडब्ल्यूटी (JSON Web Token, म्हणजे माणसाची माहिती असलेलं, सर्व्हरने सही करून दिलेलं टोकन), असं परवा मित्राने विचारलं. सर्व्हरवरचा भार बघितला तर जेडब्ल्यूटी हलकं, दर रिक्वेस्टला सही तपासली की झालं, सेशनमध्ये मात्र आयडी घेऊन रेडिस (मेमरीत चालणारा वेगवान डेटाबेस) नाहीतर साध्या डेटाबेसमध्ये शोधावं लागतं. पण लॉगआउटचं काय? सेशनची नोंद उडवली की माणूस त्याच क्षणी बाहेर, टोकन मात्र मुदत संपेपर्यंत चालतंच, मग १५ मिनिटांची मुदत ठेवा, नवं टोकन मिळवून देणारं रिफ्रेश टोकन सांभाळा, रद्द टोकनांची यादी म्हणजे ब्लॅकलिस्ट केली तर परत डेटाबेस आलाच की! शिवाय टोकनचा मधला भाग नुसता बेस६४ (अक्षरांची साधी अदलाबदल, कुलूप नव्हे) असतो, कोणीही उघडून वाचतं, त्यात पासवर्ड वगैरे टाकायचा वेडेपणा नको. एकच वेबसाइट असेल तर डोळे झाकून सेशन, मोबाइल ॲप आणि चार-पाच वेगळ्या सर्व्हिस असतील तर जेडब्ल्यूटी.