छोट्या ऑफिससाठी प्रॉक्समॉक्स: फुकट आहे, भारी आहे, पण थोडं डोकं खातं

ज्यांच्या ऑफिसात एका पीसीवर टॅली, दुसऱ्यावर फाइल शेअरिंग आणि तिसरा फक्त एका जुनाट पेरोल सॉफ्टवेअरसाठी चोवीस तास चालू आहे (आमचं विंडोज ७ सोडून कशावर चालतच नाही), त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. आम्ही हे तिन्ही एका सेकंडहँड सर्व्हरवर आणलं, ६४ जीबी रॅम, वर प्रॉक्समॉक्स व्हीई, म्हणजे एकाच मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणारं सॉफ्टवेअर.

व्हर्च्युअल मशीन नवीन असेल तर थोडक्यात सांगतो. खऱ्या मशीनवर हायपरव्हायझर बसतो, तो प्रोसेसर, रॅम, डिस्क वाटून देतो, आतल्या विंडोजला वाटतं अख्खा कम्प्युटर आपलाच, शेजारी लिनक्स चालू आहे याचा त्याला पत्ताही नसतो. एक हँग झालं तरी बाकीची चालू राहतात. हां, पॉवर सप्लाय उडाला तर सगळी एकदमच आडवी होणार, ते विसरू नका.

प्रॉक्समॉक्स व्हिएन्नाच्या कंपनीचं, २००८ पासून आहे, डेबियन या लिनक्सवर चालतं आणि आतलं खरं काम केव्हीएम नावाचा हायपरव्हायझर करतो जो २००७ पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे. आधी सगळे व्हीएमवेअर कंपनीचा फ्री हायपरव्हायझर ईएसएक्सआय टाकायचे. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतली, कायमचं लायसन्स विकणं बंद केलं, २०२४ मध्ये फ्री ईएसएक्सआयही काढून घेतलं आणि एप्रिल २०२५ मध्ये परत आणलं, आता अशा धरसोडीवर ऑफिसचा डेटा कोण ठेवणार?

इन्स्टॉल सोपं आहे. बायोसमध्ये व्हीटी-एक्स (इंटेल) किंवा एएमडी-व्ही (एएमडी), म्हणजे प्रोसेसरची व्हर्च्युअल मशीनसाठीची सोय, चालू करा, पेनड्राइव्हवरून टाका, मग दुसऱ्या पीसीच्या ब्राउझरमधून ८००६ पोर्टवर उघडा. ब्राउझर सर्टिफिकेटवरून कुरकुर करेल, करू दे. लॉगिन केलं की दरवेळी 'सबस्क्रिप्शन नाही' असा पॉपअप येतो, जाम वैताग. अपडेट मारलं तर ४०१ एरर, कारण मूळ सेटिंग पैसे भरणाऱ्यांच्या रिपॉझिटरीचं (जिथून अपडेट येतात ती जागा) असतं, ते बंद करून नो-सबस्क्रिप्शनवाली जोडायची.

नवीन माणूस हमखास अडकतो तो विंडोज टाकताना. सेटअप 'कुठे इन्स्टॉल करू' विचारतो आणि खाली यादी रिकामी, एकही डिस्क नाही! बिघडलेलं काही नसतं, व्हर्टआयओचा, म्हणजे व्हर्च्युअल मशीनसाठीच्या फास्ट डिस्कचा, ड्रायव्हर विंडोजकडे नसतो एवढंच. व्हर्टआयओची आयएसओ दुसरी सीडी म्हणून जोडा, लोड ड्रायव्हर दाबा, व्हीआयओ-स्कझी फोल्डर दाखवा, डिस्क लगेच दिसते. विंडोज ७ साठी मी या भानगडीत पडलोच नाही, साटा डिस्क निवडली, थोडी स्लो आहे पण पेरोलला काय करायचाय स्पीड. त्याचा युएसबी डोंगलही हार्डवेअर टॅबमधून जोडला की आत दिसतो, मला सगळ्यात जास्त धाकधूक त्याचीच होती. त्या मशीनला इंटरनेट मात्र देऊ नका, विंडोज ७ ला सिक्युरिटी अपडेट येत नाहीत.

फाइल शेअरिंगला पूर्ण व्हीएम न करता एलएक्ससी कंटेनर (होस्टचाच लिनक्स कर्नल वापरणारा हलका कप्पा) केला, रॅम अगदी कमी खातो.

स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवणं, हे तर सुख. टॅली अपडेट करायच्या आधी एक घ्यायचा, बिनसलं की रोलबॅक, म्हणजे परत त्या स्थितीला. पण मधल्या वेळात केलेल्या एंट्र्याही जातात, त्यामुळे अकाउंटंटला आधी सांगून ठेवा नाहीतर शिव्या खाल. आणि स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की तोही गेला, म्हणून रात्रीचा बॅकअप वेगळ्या मशीनवर पाठवा, शेड्यूल त्यातच लावता येतं.

प्रॉक्समॉक्स फुकट असलं तरी आतल्या प्रत्येक विंडोजचं लायसन्स वेगळं लागतं, ते बजेटमध्ये धरा. सपोर्ट हवा असेल तर सबस्क्रिप्शन दर वर्षाला, प्रोसेसर सॉकेटमागे, आणि तेही युरोत. लिनक्सची काळी स्क्रीन बघून घाम फुटणाऱ्यांनी विंडोज सर्व्हरमधला मायक्रोसॉफ्टचा हायपरव्हायझर हायपर-व्ही बघावा, जास्त जमेल.