जुन्या बीटलला १६५/८० आर १५ रेडियल: खरा आराम हवेत

५.६०-१५ मापाच्या नायलॉन क्रॉस-प्लाय टायरऐवजी (आतले धागे तिरपे, एकमेकांवरून जाणारे) हे रेडियल (धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे) घातले, की फोक्सवॅगन बीटल रस्त्यावरच्या भेगांमागे ओढली जायची थांबते. महिनाभर उभी राहिली तरी टायर खालून चपटे होऊन निघताना होणारी धडधड फारशी नाही. पार्किंगमध्ये स्टिअरिंग मात्र जडच.

टायर गार असताना हवा तपासा: पुढे १८, मागे २७ पीएसआय (क्रॉस-प्लायला १६ आणि २४). इंजिन मागे, म्हणून हा फरक. पंक्चरवाला सवयीने चारही चाकांत ३२ भरतो. मग हलकं नाक प्रत्येक खड्ड्यावर उडतं, ग्लोव्ह बॉक्सचं झाकण खडखडतं आणि बिचारे शॉकअप बदलले जातात!

पुढे रेडियल, मागे क्रॉस-प्लाय कधीच नको; वळणावर मागची बाजू आधी सुटते. सेफ्टी हंप (टायरची कड जागेवर धरणारा उंचवटा) नसलेल्या रिमला ट्यूब हवीच, तीही रेडियलची.