कोरियात किराणा कुठे भरायचा: मोठा मार्ट, सिजांग की कुपांग?

सुवोन किंवा सोलला शिकायला, नोकरीला आलेल्या मराठी माणसासमोर पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न उभा राहतो. एकीकडे इमार्ट, लोट्टे मार्टसारखे मोठे मार्ट. दुसरीकडे जुन्या वस्त्यांमधला पारंपरिक बाजार, म्हणजे सिजांग. आणि तिसरं कुपांग हे ऑनलाइन दुकान, रात्री मागवलं की पहाटे दारात सामान. मी तिन्हीकडे घेते आणि माझं मत आधीच सांगून टाकते: पहिला महिनाभर मार्टमध्येच जा, जरा रुळलात की भाजी सिजांगमधून आणा आणि कुपांग जड सामानापुरतं ठेवा.

मार्ट आधी का, तर तिथे तोंड न उघडता काम होतं. प्रत्येक वस्तूवर किंमत असते, खाली बारीक अक्षरात 100 ग्रॅमचा किंवा 100 मिलीचा दर असतो. मोठा पॅक दरवेळी स्वस्त पडतोच असं नाही, हे त्या बारीक आकड्यावरूनच कळतं. भाजी-फळांचा, मासळीचा विभाग स्वच्छ आणि ताजा असतो, चाखायला नमुने ठेवलेले असतात. वॉलमार्ट 2006 मध्ये आपली 16 दुकानं इमार्टला विकून कोरियातून गेलं, फ्रान्सचं कार्फूरही त्याच वर्षी गेलं. गोदामासारखं दुकान इथल्या गिऱ्हाइकाला रुचलं नाही, असं आजही सांगतात. मार्टमधल्या ताज्या मालाच्या विभागात फिरलं की ते पटतं.

काही गोष्टी मात्र आधी माहीत हव्यात. बऱ्याच ठिकाणी ट्रॉली सोडवायला 100 वॉनचं (वॉन म्हणजे इथलं चलन) नाणं लागतं. प्लास्टिकची पिशवी 2019 पासून बंद आहे. काउंटरवर पिशवी मागितली तर पालिकेची कचऱ्याची पिशवी विकत मिळते. ती घ्यावी, कारण घरी सामान काढलं की तिच्यातच कचरा टाकता येतो आणि तसाही कचरा त्याच पिशवीतून टाकणं बंधनकारक आहे. पण ती त्या त्या शहराची, सोलमध्ये तर त्या त्या विभागाची असते. दुसरीकडे खरेदी केलीत तर ती पिशवी तुमच्या दारात चालेलच असं नाही. रिकामे खोके फुकट मिळतात, मात्र चिकटपट्टी आणि दोरी 2020 पासून काढून टाकली आहे. खोक्यात बाटल्या भरायच्या असतील तर तळ नीट दुमडून घ्या.

मार्टची मोठी अडचण म्हणजे सुट्टी. 2012 पासून मोठ्या मार्टना महिन्यातून दोन दिवस बंद ठेवावं लागतं, अनेक ठिकाणी दुसरा आणि चौथा रविवार. दैगू शहराने 2023 मध्ये ती सुट्टी सोमवारी नेली, सोलमधल्या सोचो विभागाने 2024 मध्ये आठवड्याच्या मधल्या दिवशी. म्हणून निघण्यापूर्वी आपल्या शाखेचा दिवस नकाशात बघून घ्या. अशा रविवारी मला हानारो मार्ट उपयोगी पडतो. तो नोंगह्युपचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या सहकारी महासंघाचा. मुख्यतः शेतमाल विकणाऱ्या दुकानांना या सक्तीतून सूट आहे. सहकारी संघ, खरेदी-विक्री संघ हे शब्द ऐकत वाढलेल्या आपल्या माणसाला हा मार्ट लगेच आपलासा वाटेल, आणि भाजी-तांदूळही तिथे चांगले असतात. होमप्लस ही मार्टची आणखी एक साखळी मार्च 2025 मध्ये न्यायालयाच्या देखरेखीखालच्या पुनर्रचनेत गेली, त्यामुळे जवळची शाखा चालू आहे ना, ते विचारूनच तिकडे वळा.

आता शाकाहाराचं. इथे घाई करू नका. कोरियन पाकिटाच्या मागे ॲलर्जीच्या घटकांची वेगळी चौकट असते. सोगोगी म्हणजे गोमांस, द्वेजीगोगी म्हणजे डुकराचं मांस, दाकगोगी म्हणजे कोंबडी. ही तिन्ही नावं त्या सक्तीच्या यादीत येतात, म्हणून ती कोरियन लिपीत फोनमध्ये साठवून ठेवा. पण चौकट कोरी दिसली म्हणून वस्तू शाकाहारी ठरत नाही. म्योल्ची, म्हणजे सुकवलेले बारीक मासे, त्या यादीतच नाहीत. किमचीत माशाचं आंबवलेलं पाणी असतं, आमटीसाठी तयार मिळणाऱ्या सोयाबीनच्या पेस्टमध्ये म्योल्चीचा अर्क असू शकतो, आणि झटपट नूडल्सच्या मसाल्यात बहुतेकदा गोमांस. त्यामुळे घटकांची पूर्ण यादी भाषांतराच्या ॲपने वाचायची, दुसरा इलाज नाही. दह्याचंही तसंच: 'प्लेन' लिहिलेलं अनेकदा गोड निघतं, साखर न घातलेलं हवं तर 'मुगादांग' शोधा. टोफू मात्र बिनधास्त घ्या, मऊपासून घट्टपर्यंत हवा तसा मिळतो.

सिजांगमध्ये सुट्या भाजीला लेबलच नसतं, म्हणून शाकाहाऱ्याची ही भानगड तिथे संपते. (तयार बांछान, म्हणजे भातासोबतची तोंडीलावणी, मात्र बाजारातही विचारूनच घ्या, पालकाच्या साध्या भाजीतही माशाचं पाणी घातलेलं असू शकतं.) सुवोनमध्ये पालदालमुन वेशीच्या आजूबाजूला बाजारांना बाजार लागून आहेत, त्यात मोत्गोल माझा आवडता. भाजीवाल्या आजी लाल प्लास्टिकच्या टोपलीत बटाटे, काकड्या, मिरच्या रचून ठेवतात आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मार्करने आकडा लिहितात. तो दर किलोचा नसून टोपलीचा असतो. बोट दाखवलं की टोपली काळ्या पिशवीत उपडी होते. ओळख झाली की वर मूठभर मिरच्या पडतात. तोलून मिळणाऱ्या मालाला जुनं माप चालतं आणि तेही मालागणिक बदलतं: मांस आणि मिरचीपूड यांचा एक गुन 600 ग्रॅमचा, भाजीचा 400 ग्रॅमचा. हे माहीत नसेल तर मार्टशी भावाची तुलना चुकते. किरकोळ खरेदीला रोख बरी, नाहीतर पुठ्ठ्यावर लिहिलेल्या खात्यावर पैसे पाठवायचे. ओन्नुरी नावाची सरकारी कुपनं दर्शनी किमतीपेक्षा स्वस्त मिळतात आणि पारंपरिक बाजारांसाठीच असतात. बाजाराला नेमाने जाणाऱ्याने ती घ्यावीतच.

माझ्या मते सिजांगचं खरं वैभव तिथली गिरणी. कोरियन भाषेत बांगातकान. तिळाचं तेल डोळ्यांदेखत गाळून देतात, वाळलेली लाल मिरची हवी तशी दळून देतात. त्या मिरचीने आमटीला रंग सुरेख येतो, तिखटपणा बेताचाच. झणका हवा असेल तर हिरवी छोंगयांग मिरची घ्या. गणपतीत मोदकांसाठी तांदळाचं पीठही इथेच मिळेल, पण ते भिजवलेल्या तांदळाचं, ओलसर असतं आणि दळताना मीठ घालायची पद्धत आहे. मीठ नको हे आधीच सांगा, उकडीला पाणी कमी घ्या आणि उरलेलं पीठ फ्रीझरमध्ये ठेवा. मार्टमधलं कोरडं पीठ घेणार असाल तर 'मेपसाल' बघून घ्या. 'चापसाल' चिकट तांदळाचं असतं, त्याची उकड हाताला चिकटून बसते आणि कळी पडत नाही.

कुपांग सोयीचं आहे, यात वाद नाही. मध्यरात्रीपूर्वी मागवलेलं ताजं सामान सकाळी 7 च्या आत दारात येतं. 10 किलो तांदूळ, पाण्याच्या बाटल्या, डिटर्जंट तिसऱ्या मजल्यावर वाहून नेण्यापेक्षा हे कधीही चांगलं. पण सदस्यत्वाला 2024 पासून महिन्याला 7,890 वॉन पडतात, ताज्या मालाला किमान 15,000 वॉनची खरेदी लागते, आणि कोरियन फोन नंबर व इथल्या बँकेचं कार्ड हाती येईपर्यंत नव्या माणसाची खटपटच होते. शिवाय सुमारे 3 कोटी 37 लाख खात्यांची माहिती उघड झाल्याचं कंपनीने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केलं. नाव, पत्ता, फोन असं सगळं त्यात होतं. मी तेव्हापासून इमारतीच्या दाराचा कोड तिथे लिहून ठेवत नाही. पालेभाजी तर न बघता मागवणं मला पटतच नाही.

तूरडाळ, पोहे, हिंग यांसाठी मार्ट, सिजांग, कुपांग या तिन्हींच्या भरवशावर राहू नका. त्यासाठी सोलमध्ये इतेवॉनच्या मशिदीजवळची दुकानं किंवा आन्सान शहरातली वोंगोकदोंग ही वस्ती गाठावी लागते. मूग, शेंगदाणे, तीळ मात्र कुठल्याही मार्टमध्ये आहेत. इथला तांदूळ आखूड आणि चिकट, कोलमची सवय असणाऱ्याला सुरुवातीला जड जातो, पण दहीभाताला छान.

फळांना सगळीकडेच पैसे पडतात. 2023 मध्ये पीक बुडालं तेव्हा पुढच्या मार्चमध्ये सफरचंदं वर्षभरापूर्वीपेक्षा 88 टक्क्यांनी महाग होती. हंगामाचं फळ घ्या, हिवाळ्यात स्ट्रॉबेरी आणि संत्री.

एकटे राहत असाल, खोलीत छोटा फ्रिज असेल, तर मार्टमधले कुटुंबाच्या मापाचे पॅक आणि 'एकावर एक' योजना टाळा. रात्री दुकान बंद व्हायच्या आधी सवलतीचे स्टिकर लागतात, तेव्हा जा आणि त्याच दिवशी संपेल तेवढंच उचला. चौघांचं घर असेल तर शनिवारी सकाळी सिजांग, येताना हानारो, आणि तांदळाची पिशवी कुपांगवर.