न्यूरोसायन्सची समर फेलोशिप : कापूसपट्ट्यातल्या पोरापोरींनी जावंच

तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी करणाऱ्यांसाठी लिहून राह्यली, कारण ह्या ट्रेनिंगबद्दल इकडं कोणी सांगतच नाही. बंगलोर, दिल्ली आणि अलाहाबादच्या तीन विज्ञान अकादम्या मिळून दरवर्षी समर रिसर्च फेलोशिप देतात, दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये काम, वरून स्टायपेंड आणि ट्रेनचं भाडं. मी झूलॉजीवाली, मला फळमाशीच्या मेंदूवर काम करणारी लॅब मिळाली. लॅबचं नाव लिहत नाही, खाली तक्रारी पण आहेत.

घरी सगळे म्हणे, माशीत काय शिकतं बाप्पा. तर तिच्या मेंदूत १ लाख ४० हजाराच्या आसपास न्यूरॉन, म्हणजे निरोप नेणाऱ्या पेशी, असतात आणि त्यांच्या जोडण्यांचा पूर्ण नकाशा २०२४ मध्ये छापून आला. आपल्या मेंदूत ८६ अब्जाच्या जवळपास, तिथं असा नकाशा अजून कोणाजवळच नाही. आणि २५ डिग्रीत अंड्यापासून माशी १० दिवसांत तयार होते, म्हणून सुट्टीत प्रयोग पुरा होऊ शकतो.

माझं काम रोटेनोनवर. हे कीटकनाशकच आहे, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचं काम अडवतं, माश्यांच्या खाण्यात मिसळलं की पार्किन्सनसारखी (माणसाची हालचाल मंदावते, हात थरथरतात तो मेंदूचा आजार) लक्षणं दिसतात. माश्या काचेच्या नळीत घ्यायच्या, नळी टेबलवर ठोकायची, सगळ्या खाली पडतात, मग १० सेकंदांत रेघेच्या वर किती चढल्या ते मोजायचं. चांगली माशी सरसर वर जाते, रोटेनोनवाली अर्ध्यात थांबते नाहीतर परत खाली येते. त्यानंतर मायक्रोस्कोपखाली दोन बारीक चिमट्यांनी डोकं उघडून मेंदू काढायचा, तो खसखशीच्या दाण्याहून लहान, आणि त्याला चिकटलेल्या चांदीसारख्या श्वासनळ्या एक एक ओढून काढाव्या लागतात, जरा जास्त ओढलं की मेंदू फाटला. हात बसायला लय वेळ लागतो पण बसतो.

हे करताना डोक्यात आपल्याकडची फवारणीच होती. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता किती शेतकरी-मजूर दवाखान्यात गेले, काही वापस आलेच नाहीत. गाईड मॅडमला हे सांगितलं तर त्यांनी सगळी दुपार बोर्डवर समजावून सांगितलं, की प्रोफेनोफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट औषधं अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम बंद पाडतात, मग नस जिथं स्नायूला, ग्रंथीला भेटते त्या जोडावर निरोप पोचवणारं अ‍ॅसिटिलकोलिन साचत जातं, म्हणून घाम, लाळ, डोळ्याची बाहुली बारीक, अंग फडफडणं, शेवटी श्वास अडकतो, आणि डॉक्टर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन काहून देतात ते पण. बारावीत सायनॅप्सची, म्हणजे अशा जोडाची, आकृती काढून मार्क घेतले होते, पण वावरात माणूस पडतो तो ह्याच जोडापायी हे मला तिथं समजलं. ह्या एका दुपारसाठी सुद्धा मी परत जाईन.

आता तक्रारी. सुरुवातीला कोणाला वेळच नव्हता, पेपर हातात देऊन वाच म्हणाले, ते इंग्रजी आणि त्यातली आकडेमोड जड जाते, शहरातल्या कॉलेजवाल्यांना पायथन नावाचं प्रोग्रामिंग येत होतं आणि आपल्याला एक्सेल पण धड कोणी शिकवलेलं नसतं. डोपामाइनचे न्यूरॉन (पार्किन्सनमध्ये मरतात ते) रंगवायची अँटीबॉडी उशिरा आली, त्यामुळं कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर बसायला फार थोडं मिळालं. आणि इकडच्या उन्हाळी परीक्षा लांबतात, तारखेचं आधीच बोलून घ्या. बल्लारशावरून बंगलोरची गाडी मिळते, तिकीट लवकर काढा.

अर्जात तुम्हाला हे का करायचं ते लिहावं लागतं, तिथं नेटवरचं उचलून टाकू नका, आपल्या गावातला प्रश्न लिहा. सरांचं शिफारसपत्र लागतं, दिवाळीच्या आधीच सरांना गाठा. मायक्रोस्कोपचे फोटो मोजायचं इमेजजे नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, कॉलेजच्या जुन्या कॉम्प्युटरवर पण चालतं, जायच्या आधी त्याच्यावर हात फिरवून ठेवा. ५ पैकी ४ देते. वणी, मारेगाव, पांढरकवड्याकडच्या कोणाला अर्ज भरायचा असेल तर मला लिहिलेलं पाठवा, मी वाचून देईन.